रोमन शहरांचं पुढे काय झालं? उत्तर प्राचीन काळातल्या शहरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन इतिहासाची गोडी लागलेल्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: संगमरवरी चौक, कारंजी, स्नानगृहं, मैलोन् मैल लांबून आणलेलं पाणी, हे सगळं गेलं कुठे? परकी टोळ्या आल्या आणि सगळं बुडालं, असं एक तयार उत्तर आहे. दुसरं त्याच्या उलट: काही बुडालं नाही, फक्त रूप बदललं. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. शहर समजून घ्यायला एक साधा प्रश्न जास्त कामाला येतो. जलसेतूला, म्हणजे दुरून शहरात पाणी आणणाऱ्या बांधीव कालव्याला, गळती लागली, तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? खालच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

उत्तर प्राचीन काळ म्हणजे नेमका कोणता?

ढोबळमानाने इ.स. २८४ मध्ये डायोक्लेशियन सम्राट झाला तिथपासून सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत. सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन इथल्या शहरांसाठी ही रेषा आठव्या शतकापर्यंत ओढावी लागते, कारण उमय्यद खलिफांच्या राजवटीतही ती नांदती होती. ४७६ हे साल आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्या वर्षी पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला, पण त्यामुळे कुठल्या शहराचा बाजार उठला नाही की पाणी बंद झालं नाही.

त्याआधीचं रोमन शहर चालायचं कसं?

अल्जेरियातलं टिमगाड घ्या. ट्रेजन बादशहाने इ.स. १०० मध्ये निवृत्त सैनिकांसाठी ते वसवलं. मूळ आराखडा प्रत्येक बाजूला साधारण साडेतीनशे मीटरचा चौकोन, आत काटकोनात छेदणारे रस्ते. मधोमध फोरम म्हणजे सभाचौक, शेजारी थिएटर, देवळं, आणि स्नानगृहं तर डझनाहून जास्त. एवढ्याशा गावाला इतकं वैभव कसं परवडलं, याचं उत्तर तिथल्याच एका शिलालेखात आहे: रोगातियानुस नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात ग्रंथालयासाठी ४ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवले होते.

साम्राज्यातली शेकडो शहरं अशाच देणग्यांवर उभी होती. जमीनदार कुटुंबांतले लोक नगरसभेवर बसत. मानाची पदं मिळाली की खिशातून खर्च करत: कुणी देऊळ बांधलं, कुणी रस्त्याला फरशी घातली, कुणी खेळ भरवले. बदल्यात चौकात पुतळा उभा राही आणि त्याच्या चौथऱ्यावर नाव कोरलं जाई. शेजारच्या शहराशी चढाओढ असायची ती वेगळीच. सम्राटाकडून अधूनमधून मदत येई, पण रोजचा गाडा या हौशी, मानी, गावातल्या गावात स्पर्धा करणाऱ्या मंडळींच्या पैशांवर चाले.

मग या मंडळींनी हात का आखडला?

सगळ्या गोष्टीचं मर्म इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

तिसऱ्या शतकात साम्राज्य हादरलं. सीमांवर एकाच वेळी लढाया सुरू होत्या, सम्राट वर्षा-दोन वर्षांत मारले जात होते. सैन्याचा पगार भागवायला नाण्यातली चांदी कमी कमी होत गेली आणि २७० च्या सुमारास 'चांदीच्या' नाण्यात चांदी जेमतेम काही टक्के उरली. देणग्यांचे शिलालेखही याच शतकात झपाट्याने विरळ होतात. पुरातत्त्वज्ञांना सापडणारे पुतळ्यांचे नवे चौथरे पुढे मुख्यतः सम्राटांचे आणि प्रांताधिकाऱ्यांचे असतात.

डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांनी घडी पुन्हा बसवली, पण किंमत शहरांनी मोजली. करवसुलीची जबाबदारी नगरसभेच्या सभासदांवर होती आणि वसुली कमी पडली तर तूट त्यांच्या मालमत्तेतून भरून घेतली जाई. गावचा सारा थकला म्हणून पाटलाच्या वाड्यावर जप्ती यावी, तशी ही गत. ज्या पदासाठी आजोबांनी पैसे उधळले, ते नातवाला गळफास वाटू लागलं. वर चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या कारकिर्दीत शहरांच्या मालकीच्या जमिनी आणि स्थानिक कर मोठ्या प्रमाणावर सरकारजमा झाले. पुढे सम्राट जूलियनने त्या परत दिल्या, त्याच्यानंतर आलेल्यांनी पुन्हा घेतल्या. पुढे काही हिस्सा शहरांना सोडण्यात आला, तोही तटबंदी आणि इमारतींच्या दुरुस्तीपुरता.

सभासद पळू लागले. कुणी सरकारी नोकरीत, कुणी सैन्यात, कुणी पूर्वेची नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) इथल्या सेनेटमध्ये, कुणी धर्मगुरू होऊन चर्चमध्ये. यातल्या प्रत्येक वाटेने नगरसभेच्या ओझ्यातून सूट मिळू शकत होती. ४३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिओडोसियसच्या कायदेसंग्रहात फक्त नगरसभासदांवरच्या प्रकरणात १९२ कायदे आहेत आणि त्यांतले कितीतरी पळालेल्यांना परत आणण्याबद्दलचे. तोच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, हे ओळखायला इतिहासकार असावं लागत नाही.

श्रीमंत माणसं संपली नव्हती, हे मात्र लक्षात ठेवा. चौथ्या शतकातल्या हवेल्या आणि गावाबाहेरचे बंगले आधीपेक्षा जास्त दिमाखदार आहेत, मोझेइकच्या, म्हणजे रंगीत खड्यांच्या नक्षीच्या, जमिनी तर डोळे दिपवणाऱ्या. पैसा होता. तो चौकातून उठून घराच्या दिवाणखान्यात गेला.

याच काळात शहरांभोवती तटबंदी का दिसू लागते?

कारण आधी तिची गरजच नव्हती. रोम शहर जुनी भिंत ओलांडून केव्हाच पसरलं होतं आणि कुणाला त्याची चिंता नव्हती. इटलीत टोळ्या घुसल्यावर सम्राट ऑरेलियनने २७१ मध्ये सुमारे १९ किलोमीटर लांबीचा तट घालायला घेतला. सैन्य दुसरीकडे गुंतलेलं असल्यामुळे काम शहरातल्या व्यावसायिक संघांना लावलं. घाई इतकी, की वाटेत जे आलं ते भिंतीत घेतलं: सेस्टियसचा पिरॅमिड, जलसेतूच्या कमानी, एक छोटं अँफिथिएटर (लंबगोल क्रीडागृह).

अथेन्सवर २६७ मध्ये हेरुली टोळीचा हल्ला झाला. त्यानंतर उभारलेल्या भिंतीत जुन्या इमारतींचे खांब, शिलालेख, पुतळ्यांचे चौथरे सरळ चिणलेले दिसतात. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, कित्येक तटांनी जुन्या शहराचा छोटासा भाग तेवढा वेढला. पूर्वी विद्वान याला घबराट म्हणत. पण ल मॉंच्या तटावर वेगवेगळ्या रंगांच्या दगड-विटांची भौमितिक नक्षी काढलेली आहे. घाबरलेला माणूस नक्षी काढत बसत नाही. तट हे नव्या काळातलं मिरवायचं बांधकाम झालं होतं, आणि नंतरची कित्येक शतकं शहराचं चित्र काढायचं तर आधी तटच काढत.

देवळं पाडून चर्च बांधली, हे खरं का?

काही ठिकाणी खरं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं सेरापिस देवाचं भव्य देऊळ ३९० च्या दशकाच्या सुरुवातीला उद्ध्वस्त केलं गेलं. पण सरसकट नाही. बहुतेक देवळं आधी ओस पडली. पूजेला आणि डागडुजीला पैसा येईनासा झाला, दारं बंद झाली, आणि चर्चमध्ये रूपांतर पुष्कळदा शतकभराने किंवा त्याहूनही उशिरा झालं. रोमचं पँथिऑन चर्च झालं ते ६०९ मध्ये. फोरममधलं सेनेटचं सभागृहही सातव्या शतकातच चर्च झालं.

तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियसचं उदाहरण माझ्या आवडीचं. तिथलं अफ्रोडाइटीचं देऊळ इ.स. ५०० च्या सुमारास चर्चमध्ये बदललं. कारागिरांनी पुढचे-मागचे खांब उचलून बाजूच्या ओळींना जोडले आणि बाहेर नव्या भिंती घातल्या. देवळाचे बाहेरचे खांब असे चर्चच्या आतले खांब झाले. कपडा उलटा करून घालावा तशी सफाई आहे ती! सातव्या शतकात शहराचं नावही बदलून स्टाव्ह्रोपोलिस, म्हणजे क्रुसाचं नगर, असं झालं.

खोल बदल आणखी एका ठिकाणी झाला: मृतांच्या जागेत. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफन निषिद्ध होतं, म्हणून थडगी वेशीबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला असत. ख्रिस्ती लोकांना मात्र हुतात्म्यांच्या अस्थी जवळ हव्या होत्या. ३८६ मध्ये मिलानचे बिशप अँब्रोज यांनी दोन हुतात्म्यांचे अवशेष शोधून आपल्या नव्या चर्चमध्ये समारंभाने ठेवले. पुढच्या दोनेक शतकांत सामान्य माणसांच्या कबरीही तटाच्या आत येऊ लागल्या. जुन्या रोमनाला हे बघून शिसारी आली असती.

बिशप एवढे महत्त्वाचे कसे झाले?

कारण पैसा त्यांच्याकडे येऊ लागला आणि ते शहर सोडून जात नव्हते. प्रांताधिकारी वर्ष-दोन वर्षांत बदलायचा, बिशप आमरण. श्रीमंतांच्या देणग्या, मृत्युपत्रातल्या जमिनी आता चर्चला मिळत. शिवाय दानाचा धनी बदलला. पूर्वीची देणगी नगरवासीयांसाठी असे. भिकारी, परगावचे, रोगी हे त्या हिशेबात नसत. कप्पाडोकियातल्या सीझरिया इथे बिशप बेसिल यांनी ३७० च्या दशकात शहराबाहेर आजारी, गरीब आणि प्रवाशांसाठी मोठी वसाहत उभी केली. अशी संस्था जुन्या रोमन शहरात शोधून सापडत नाही.

मात्र जलसेतू, गटारं, रस्त्याची फरशी यांकडे बिशपांचा पैसा क्वचितच वळला. चर्चला दिवा लागतो, धर्मगुरूंना भत्ता लागतो, गरिबांना धान्य लागतं. त्यातून उरेल ते पाण्याला.

रोमची लोकसंख्या इतकी कोसळली कशी?

पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात रोममध्ये सुमारे १० लाख लोक होते असा अंदाज आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर ते लाखाच्याही खाली आले. दोन जगप्रसिद्ध लुटी, ४१० मध्ये अलॅरिकच्या गॉथांनी केलेली आणि ४५५ मध्ये व्हँडल टोळीची, यांनी जखम केली, पण शहराला उपासमार घडवली ती धान्य तुटल्याने. रोम स्वतःच्या शिवारावर कधीच जगत नव्हतं. इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेचं धान्य करापोटी जहाजांतून येई आणि त्यातून नागरिकांना फुकट वाटप होई. कॉन्स्टँटिनोपल ३३० मध्ये उभं राहिल्यावर इजिप्तचं धान्य तिकडे वळलं. उरला आफ्रिकेचा आधार. ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज घेतलं आणि तोही गेला. दहा लाखांचं रोम हे करांच्या जोरावर फुगवलेलं शहर होतं. करांची नळी निघाली, तसं ते आपल्या शिवाराला पोसता येईल तेवढं होत गेलं.

शेवटचा तडाखा दिला तो गॉथांकडून रोम परत मिळवायला आलेल्या पूर्व रोमनांच्या युद्धाने, हा इतिहासाचा विनोद. ५३७ मध्ये वेढा घातलेल्या गॉथांनी जलसेतू तोडले. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्या थांबल्या, तेव्हा पूर्व रोमन सेनापती बेलिसॅरियसने टायबर नदीत दोन-दोन नावा बांधून त्यांच्या मधल्या धारेवर चक्क्या चालवल्या. युक्ती नामी होती, पण प्रचंड स्नानगृहांना पाणी मिळालं नाही ते नाहीच. टेकड्यांवरची वस्ती ओसरली, लोक नदीच्या वळणाजवळ येऊन राहिले.

लोकांनी जुने दगड चोरून नेले म्हणून इमारती गेल्या का?

दगड नेले, संगमरवर भट्टीत भाजून चुनाही केला, आणि त्यात बडे लोक पुढे होते. सम्राट मेजोरियनने ४५८ मध्ये कायदा काढला, तो सार्वजनिक इमारती पाडायला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध. दंड ५० पौंड सोन्याचा. म्हणजे अर्ज करून, सही-शिक्क्यानिशी पाडापाडी चालू होती. बांधकाम परवान्यांच्या सुरस कथा रोज वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

पूर्वेकडचे सरळ, रुंद रस्ते गल्ल्याबोळ कसे झाले?

हा बदल अरब राजवटीने घडवला असा समज पूर्वी पक्का होता. उत्खननांनी तो सैल केला. खांबांच्या ओळींमागच्या दुकानांनी ओटा पुढे काढणं, मग दोन खांबांत भिंत घालणं, मग रस्त्यावरच टपरी टाकणं हे सहाव्या शतकातच जोरात होतं. कारणं दोन-तीन. अतिक्रमण हटवणारी नगरसभा उरली नव्हती. भाडं मिळतंय म्हटल्यावर राजसत्ता आणि चर्च काणाडोळा करत. आणि या भागात बैलगाड्यांची जागा उंटांनी घेतली होती. लादलेल्या उंटाला रुंद फरसबंदी रस्ता लागत नाही.

जॉर्डनमधल्या जेराशला शर्यतीच्या मैदानात कुंभारांच्या भट्ट्या लागल्या. सीरियातल्या पामायरात खांबांच्या हमरस्त्यावरच दुकानांची रांग उभी राहिली. हे बघून ऱ्हास म्हणावंसं वाटतं, पण भट्टी म्हणजे धंदा आणि दुकान म्हणजे गिऱ्हाईक. देखावा बिघडला, रोजी नव्हे. शिवाय सुबकपणा पुरता गेला नव्हता: आजच्या इस्रायलमधल्या बेट शेआनला खलिफा हिशाम (७२४ ते ७४३) याने आखीव बाजारपेठ बांधली आणि तसा मोझेइकमधला अरबी लेख तिथे मिळाला आहे. काही वर्षांतच, ७४९ च्या भूकंपात, ती कोसळली आणि खांब पडले तसेच राहिले.

थिएटरं, झुंजी, शर्यती, स्नानगृहं कधी बंद पडली?

ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला थांबल्या. कोलोझियममध्ये रानटी जनावरांच्या शिकारीचे खेळ ५२३ पर्यंत झाले, म्हणजे गॉथ राजा थिओडोरिकच्या राज्यात. रोमच्या सर्कस मॅक्सिमसमधली शेवटची रथशर्यत ५४९ ची, तीही टोटिला या गॉथ राजाने भरवलेली. स्नानगृहं आकसली पण पूर्वेत टिकली. लहान, कमी पाणी-लाकूड लागणारी हमामं त्यांचीच वारस.

प्लेग आणि भूकंपांचा वाटा किती?

मोठा. पण भूकंप आधीही होत, शहरं पुन्हा उभी राहत. अँटिऑकची कथा त्या दृष्टीने वाचावी. ५२६ मध्ये भूकंपाने ते जमीनदोस्त झालं; जुने लेखक अडीच लाख मेले म्हणतात, तो आकडा फुगवलेला असणार. ५२८ मध्ये पुन्हा धक्का. ५४० मध्ये इराणचा राजा खुसरो याने शहर लुटलं, जाळलं, आणि माणसं नेऊन आपल्या राजधानीजवळ त्यांच्यासाठी नवं नगर वसवलं, अगदी स्नानगृह आणि शर्यतीच्या मैदानासकट. ५४२ पर्यंत प्लेग आला होता. दर वेळी पूर्वेच्या सम्राटाने पैसे पाठवले; ५२७ पासून तो जस्टिनियन होता. पण सम्राटाची तिजोरी इटलीच्या युद्धातही गुंतली होती आणि स्थानिक दाते उरले नव्हते.

प्लेग ५४१ मध्ये इजिप्तच्या पेलुसियम बंदरात दिसला आणि पुढची दोनशे वर्षं लाटांनी येत राहिला. त्या काळच्या सांगाड्यांतून प्लेगच्या जीवाणूचा डीएनए मिळाल्यामुळे रोग कोणता याचा वाद मिटला. किती माणसं मेली यावर मात्र विद्वान अजून हमरीतुमरीवर येतात.

म्हणजे सगळीकडे उतरतीच कळा?

मुळीच नाही. ब्रिटनमध्ये पाचव्या शतकात शहरी जीवन जवळजवळ विझलं, आणि त्याच शतकात कॉन्स्टँटिनोपल फुगत होतं: ४१३ चा नवा दुहेरी तट, अवाढव्य पाणीटाक्या, पुढे ५३७ मध्ये हागिया सोफिया. अलेक्झांड्रियात कोम अल-दिक्का इथे वीसेक व्याख्यानदालनं सापडली आहेत, बाकांच्या पायऱ्या आणि शिक्षकाच्या उंच आसनासह. तिथे सातव्या शतकापर्यंत तास चालत.

कॉन्स्टँटिनोपललाही पुढे तोच हिशेब लागू झाला. ६१८ च्या सुमारास इराण्यांमुळे इजिप्तचं धान्य बंद झालं, फुकट भाकरी बंद झाली. ६२६ मध्ये आवार टोळ्यांनी जलसेतू तोडला, आणि तो दुरुस्त झाला थेट ७६६ च्या सुमारास. एकशे चाळीस वर्षं त्या शहराला मोठ्या जलसेतूची गरज भासली नाही, यावरून आत किती माणसं उरली असतील त्याचा अंदाज करा.

याचा आपल्या भागाशी काही संबंध आहे का?

व्यापारापुरता नक्की आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत पैठण, तेर, सोपारा, कल्याण ही नावं येतात. ४०८ मध्ये अलॅरिकने रोमचा वेढा उठवायला मागितलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरी होती, म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्यावरचा जवळपास टनभर माल. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो; बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. आपल्याकडचीही सातवाहनकालीन नगरं तिसऱ्या शतकानंतर फिकी पडली, आणि इतिहासकार रामशरण शर्मा यांनी त्याची सांगड दूरच्या व्यापाराच्या घसरणीशी घातली होती. त्यावर आक्षेपही बरेच आहेत. रोम खोकलं की तेरला ताप आला, इतकं सोपं ते नसावं.

हे बदल प्रत्यक्ष बघायचे तर कुठे जावं?

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर क्रोएशियातलं स्प्लिट. डायोक्लेशियनने निवृत्तीसाठी बांधलेल्या प्रासादात सातव्या शतकात शेजारच्या सलोना शहरातले निर्वासित शिरले आणि तिथे आजही लोक राहतात. ख्रिस्त्यांचा छळ करणाऱ्या त्या सम्राटाच्या समाधीचं कॅथीड्रल झालं, तेही त्याच्याच छळात मारल्या गेलेल्या बिशपच्या नावाने. रोममध्ये सान क्लेमेंते चर्च चुकवू नका: बाराव्या शतकाच्या चर्चखाली चौथ्या शतकातलं चर्च, त्याखाली पहिल्या शतकातल्या इमारती. इटलीतच लुका इथे अँफिथिएटरवर घरं चढली, पण चौक अजून लंबगोल आहे. जेराशला मात्र उन्हाळ्यात जाऊ नका. सावली फक्त खांबांची.